मानवत हत्याकांड: तपास करणारे रमाकांत कुलकर्णी आणि 50 वर्षांनंतरही मागे उरलेला प्रश्न

ऑक्टोबर 2024 मध्ये सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ ही वेब सिरीज आली आणि मराठवाड्यातलं एक विसरलं गेलेलं प्रकरण पुन्हा मोबाईलच्या स्क्रीनवर आलं. त्यात आशुतोष गोवारीकर यांनी ज्या पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली, ते रमाकांत कुलकर्णी खरोखर होऊन गेले. भारताचे शेरलॉक होम्स, असं त्यांना म्हटलं जायचं. पण त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात अवघड केस कोर्टात कुठे जाऊन थांबली, हे सिरीज बघितलेल्या अनेकांनाही नीट माहीत नसतं.

कुलकर्णी आयपीएस अधिकारी. त्यांचं नाव झालं ते 1968 साली. तेव्हा मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या गरिबांची डोकी ठेचून खून होत होते. ऑगस्टमध्ये रमण राघव पकडला गेला, पण तो तोंड उघडेना. शेवटी त्याला काय हवंय हे विचारलं गेलं. त्याने कोंबडीचं जेवण मागितलं. ते मिळालं, मग तो बोलू लागला. मारझोड न करता माणसाला बोलतं करायचं, घाई करायची नाही, ही कुलकर्णींची ओळख या केसमधून पक्की झाली.

आता मानवत.

परभणी जिल्ह्यातलं हे कापसाच्या बाजारपेठेचं गाव. साल 1972. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडलेला. 14 नोव्हेंबरला तिथे एका लहान मुलीचा खून झाला. मग दुसरा, तिसरा. 4 जानेवारी 1974 पर्यंत दहा जणांचा जीव गेला. त्यात दहा वर्षांच्या आसपासच्या मुली होत्या, काही बायका होत्या. शेवटच्या दिवशी तर एक आई आणि तिच्या दोन मुली मारल्या गेल्या. त्यातली एक तान्ही होती. वर्षभर लोक पोरींना घराबाहेर सोडायला घाबरत होते आणि स्थानिक पोलिसांच्या हाती काही लागत नव्हतं. म्हणून मुंबईहून कुलकर्णींना पाठवण्यात आलं.

मुंबईत खबऱ्यांचं जाळं होतं. इथे गाव गप्प होतं, कारण संशय ज्यांच्यावर होता ती साधी माणसं नव्हती. गावातला एक बडा जमीनदार आणि त्याच्यासोबत राहणारी बाई. सरकारी पक्षाचं म्हणणं असं होतं: वाड्यात पिंपळ होता, त्यावर मुंजा आहे अशी समजूत होती. (मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, हे आजही गावोगावी सांगितलं जातं.) मुंजाला कुमारिकांचं रक्त दिलं तर गुप्तधन मिळेल आणि त्या बाईला मूल होईल, असा सल्ला मांत्रिकाने दिला आणि त्यातून हे खून झाले.

कुलकर्णींच्या पथकाने धागे जुळवले. अठरा जणांवर खटला उभा राहिला. लोकांच्या दृष्टीने केस सुटली होती.

कोर्टात मात्र अडचण आली. कट रचला गेला हे सांगणारा मोठा पुरावा होता माफीच्या साक्षीदारांचा, म्हणजे जे स्वतः गुन्ह्यात सामील होते त्यांचा. अशा साक्षीदाराच्या शब्दाला महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुसरीकडून दुजोरा मिळायलाच हवा, असा न्यायालयांचा दंडक आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1977 सालच्या निकालानंतर काही आरोपींची शिक्षा कायम राहिली, पण ज्यांच्यासाठी हे सगळं घडलं असं सरकारी पक्ष म्हणत होता, ते दोघं निर्दोष सुटले. म्हणजे हे खून कुणी घडवून आणले, याचं कायद्याने शिक्कामोर्तब केलेलं उत्तर आजही नाही. याला तपासाचं अपयश म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. फाशी समोर असताना पुराव्याचा निकष सैल करणं जास्त धोक्याचं ठरलं असतं.

कुलकर्णी पुढे महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झाले. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या केसेसवर इंग्रजीत ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ हे पुस्तक लिहिलं. सिरीज त्यावरच बेतलेली आहे. 2005 साली त्यांचं निधन झालं.

सिरीजच्या खूप आधी, 1981 साली अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’ हा सिनेमा याच प्रकरणावरून केला होता. लेखन विजय तेंडुलकरांचं. मुंजा, गुप्तधन, वाडा, नरबळी: लोकांना खिळवून ठेवणारं सगळंच यात आहे. अमेरिकेत 1996 साली जॉनबेने रॅम्सी या सहा वर्षांच्या मुलीचा खून झाला, तो आजही उलगडलेला नाही. तिचे सौंदर्यस्पर्धांतले फोटो जगभर पोचले, तिचं नाव सगळ्यांना पाठ आहे. मानवतमध्ये उलटं झालं. इथे लोकांना आरोपी आठवतात, पिंपळ आठवतो, साहेब आठवतात. मेलेल्या पोरींपैकी एकीचंही नाव पटकन कुणी सांगू शकत नाही. त्या गरिबाघरच्या होत्या.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात यायला 2013 साल उजाडलं, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. त्यानंतरही 2021 मध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात खांबाला बांधून मारलं गेलं.

मानवतचा निकाल मात्र वकिलांच्या रोजच्या वापरात आहे. दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1977. माफीच्या साक्षीदारावर किती विश्वास ठेवायचा, हा वाद कोर्टात निघाला की आजही त्याचा दाखला दिला जातो.