शहर वसविणे म्हणजे काय? मलिक अंबराचे चरित्र

नवे शहर वसविणे म्हणजे नकाशावर रेघा ओढणे व त्या रेघांवर घरे चढविणे, अशी समजूत आमच्या लोकांत दृढ झालेली दिसते. आमची मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. मुळा-मुठेच्या काठी जेथे ऊस व द्राक्षे पिकत, तेथे आता मजल्यावर मजले चढत आहेत. वस्ती वाढावी यास आमचा विरोध नाही. व्यापारउदीम वस्तीनेच वाढतो. परंतु पुण्याच्या चोहोंबाजूंस घरे आधी व पाणी मागाहून, असा जो उलटा क्रम चालू आहे व टँकरच्या फेऱ्यांवर ज्या वसाहतींचा संसार चालला आहे, तो पाहून एका जुन्या पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. हा पुरुष म्हणजे निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर. त्याने १६१० साली खडकी नावाच्या खेड्याजवळ आपली राजधानी वसविली. ही खडकी पुण्याजवळची नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ती दौलताबादेच्या किल्ल्याजवळची खडकी होय. तीच पुढे औरंगाबाद झाली व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने सरकारदप्तरी नोंदली गेली.

मलिक अंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला व एका धन्याकडून दुसऱ्याकडे असा फिरत बगदादेस पोहोचला. तेथील मीर कासीम या धन्याने मुलाची बुद्धी ओळखून त्यास लिहिणे-वाचणे व हिशेबठिशेब शिकविले आणि त्याचे अंबर हे नाव ठेविले. पुढे १५७० नंतरच्या काही वर्षांत तो दक्षिणेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा दिवाण चंगीझखान याने त्यास विकत घेतले होते. हा चंगीझखान स्वतः हबशी असून एके काळी गुलामच होता. राज्य चालवावे कसे, फौजेस अन्न पुरवावे कसे व दरबारातील कारस्थाने ओळखावी कशी, याचे शिक्षण अंबरास या घरी मिळाले. जन्माने ज्यास काहीच दिले नाही, त्यास विद्येने व संगतीने काय दिले, हे येथे ध्यानात धरण्यासारखे आहे.

धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला. मूठभर स्वार जमवून त्याने काही काळ विजापूरकरांची चाकरी केली व मग तो अहमदनगरास परतला. त्या वेळी मोगलांनी दक्षिणेवर झडप घातली होती. चांदबिबीने १५९५-९६ साली किल्ला शौर्याने राखला. परंतु १६०० साली ती मारली गेली व अहमदनगर पडले. राजधानी गेली म्हणजे राज्य गेले, असेच सर्वांस वाटले. अंबराने तसे मानले नाही. निजामशाही वंशातील एका तरुणास मुर्तझा या नावाने त्याने परांड्यास गादीवर बसविले व राज्याचा सर्व भार स्वतःच्या शिरावर घेतला. परांड्याहून जुन्नर व जुन्नराहून दौलताबादेच्या परिसरात, अशी ही राजधानी त्याच्याबरोबर चालत राहिली. मराठे सरदारांच्या हलक्या स्वारांस हाताशी धरून, डोंगरखोऱ्यांचा आश्रय घेऊन व शत्रूची रसद तोडून त्याने मोगलांच्या जंगी फौजांस वर्षानुवर्षे बेजार केले. जहांगीर बादशहाने त्याचे तुटलेले शिर भाल्यावर टांगून त्यावर आपण बाण सोडीत आहो असे चित्र काढवून घेतले. पण प्रत्यक्षात ते शिर त्यास कधीच मिळाले नाही.

अशा धामधुमीत या पुरुषाने शहर वसविण्यास हात घातला. खडकीच्या माळावर पेठा पडल्या, वाडे उठले, मशिदी झाल्या. १६१२ च्या सुमारास उभारलेला भडकल दरवाजा त्याच्या विजयाची खूण म्हणून अद्याप उभा आहे. मालोजी, खेळोजी, परसोजी व विठोजी या भोसले पुरुषांच्या नावांवरून शहराचे काही पुरे ओळखले गेले, अशी तेथील परंपरा सांगते. परंतु दरवाजा व वाडे यांनी शहर वसत नाही. ते पाण्याने वसते. अंबराने हे पुरते जाणले होते. खडकीजवळची खाम नदी बारमाही भरवशाची नव्हे. तेव्हा त्याने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालील विहिरींत एकत्र केले व दगडी बांधणीच्या भुयारी नहरीने, केवळ जमिनीच्या उतारावर, शहरात आणिले. मोट नाही, बैल नाही, रहाट नाही. वारा खेळावा व गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी वर तोंडे ठेविली, आणि शहरात हौदांतून ते पाणी वाटले. पाणी झाकलेले असल्यामुळे उन्हाने आटत नसे व घाणीने बाटत नसे. नहर-ए-अंबरी या नावाने ती शतकानुशतके शहरास पाणी पाजीत राहिली. आज तिचे कित्येक भाग बुजले आहेत व काहींवर घरे उठली आहेत, ही गोष्ट पूर्वजांच्या नव्हे, आमच्या कर्तबगारीची साक्ष देते.

वाचकांनी याच वेळी पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास काय चालले होते हेही पाहावे. खडकी वसली त्याच सुमारास युरोपातील लोक अमेरिकेत नवी शहरे वसवीत होते. इंग्रजांनी १६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउन वसविले, फ्रेंचांनी १६०८ साली क्वेबेक, व स्पॅनिश लोकांनी १६१० साली सांता फे. जेम्सटाउनची जागा शत्रूपासून बचाव व्हावा व जहाजे लागावी म्हणून निवडली. ती निघाली दलदलीची व तेथील पाणी मचूळ. १६०९-१० च्या एका हिवाळ्यात उपासमार व रोगराई यांनी सुमारे ५०० माणसांतून ६० च्या आसपास उरली. उलट सांता फे येथे वस्तीबरोबरच नदीचे पाट काढले गेले. त्याहून पूर्वी मेक्सिकोच्या सरोवरात अझ्टेक लोकांनी वसविलेले तेनोच्तित्लान नगर डोंगराकडून आणलेल्या नळाच्या पाण्यावर जगत होते; १५२१ साली स्पॅनिश सेनापती कोर्तेसने त्यास वेढा घातला तेव्हा त्याने प्रथम ते पाणीच तोडले. नगराचा प्राण कोठे असतो हे बांधणाऱ्यास व मोडणाऱ्यास दोघांसही ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट याहून विचार करण्याजोगी आहे. १६१९ साली त्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून धरून आणलेली वीसहून अधिक माणसे विकली गेली. त्यांच्या व त्यांच्या वंशजांच्या श्रमावर तेथील शेते व शहरे उभी राहिली. पण त्या शहरांत त्यांस माणूस म्हणून जागा मिळण्यास शतके लागली. त्याच आफ्रिकेतून विकला गेलेला एक मुलगा त्याच काळी दक्षिणेत शहराचा मजूर नव्हे तर संस्थापक झाला, व कुलीन मराठे आणि दखनी सरदार त्याच्या हुकमाखाली लढले. रंग एकच, बाजार तोच. अंतर पडले ते माणसास वर चढण्याची वाट मोकळी होती की नाही एवढ्याचे. आपल्या गावांत आजही कोणी कोणत्या आळीत राहावे व कोणास घर भाड्याने द्यावे हे जातीवरून ठरविणाऱ्यांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे.

खडकीचे दैव मात्र सरळ नव्हते. १६१६ साली रोशनगावच्या लढाईत मोगलांनी अंबराचा पराभव केला व खडकीत शिरून शहर जाळले. १६२१ साली मोगलांनी ते पुन्हा उद्ध्वस्त केले. दोन्ही वेळा वस्ती परत भरली. लोक राखेवर परत का आले? आमच्या मते त्याचे एक कारण पाणी व दुसरे कारण जमाबंदी. मक्तेदारास वसूल विकण्याची रीत अंबराने बंद केली. जमिनीची प्रत व काही वर्षांच्या पिकाचा अंदाज पाहून त्याने सारा ठरविला. प्रथम धान्यरूपाने सुमारे दोन पंचमांश व मागाहून रोख सुमारे एक तृतीयांश, असे इतिहासकार सांगतात. पाटील व कुळकर्णी यांच्यावर गावाची जबाबदारी टाकिली. मलिकंबरी धारा म्हणून ही पद्धत महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. मांजरी ज्या पुणे परगण्यात मोडते तोही तेव्हा निजामशाहीच्या मुलखात होता. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत जी घडी बसली तिलाही याच धाऱ्याचा आधार होता असे मानतात. उद्या आपणांस किती द्यावे लागेल हे आज ठाऊक असले, म्हणजे कुणबी बी पेरतो व व्यापारी दुकान मांडतो. सावकारीपेढीवर बसणाऱ्या आमच्या वाचकांस हे अधिक सांगणे नको.

या पुरुषाचे दोष झाकावे असे आम्ही म्हणत नाही. तो लढवय्या होता व त्याच्या युद्धनीतीने ओस पडलेल्या गावांची हाय त्यासही लागली असेल. स्वतः विकला गेलेल्या या माणसाने माणसांचा बाजार बंद केला नाही. त्याच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. ज्या वाटेने आपण वर आलो ती वाट सर्वांसाठी रुंद करणे हे मोठ्या माणसांसही साधत नाही, हाच त्याचा अर्थ. १६२४ साली भातवडीस मोगल व विजापूर यांच्या एकत्र फौजांस त्याने धूळ चारली. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी कामास आले. दोन वर्षांनी, १६२६ साली, सुमारे ७८ वर्षांचा होऊन तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याने शहरास फत्तेनगर असे नाव दिले. १६३३ साली दौलताबाद पडले, १६३६ साली निजामशाही बुडाली, व १६५३ साली औरंगजेबाने शहरास आपले नाव लाविले. नावे बदलत गेली. जमिनीखालील पाणी त्याच नहरीने वाहत राहिले.

आमच्या नव्या वसाहतींच्या फाटकांवर भव्य नावे झळकतात व वेशी दिमाखदार असतात. त्यांस आमचे एवढेच विचारणे आहे की, पाणी कोठून येणार, सांडपाणी कोठे जाणार, व गावच्या जुन्या रहिवाशास आणि मजुराच्या झोपडीस त्यातील वाटा किती? ज्या बांधकामाचे पाणी आधी सिद्ध झाले नाही त्यास परवानगी देऊ नये. जी पट्टी घ्यावयाची तिचा हिशेब आधी व उघडपणे मांडावा. आणि मांजरीकर नागरिकांनी व व्यापाऱ्यांनी या दोन मागण्यांसाठी पालिकेच्या दारी एकत्र जावे. पाण्यासाठी भांडणे हे याचकाचे काम नव्हे, ते शहर वसविणाराचे काम आहे. चारशे वर्षांपूर्वी, शत्रू दाराशी असता, लष्करी छावणीतून उठून एका परदेशी माणसास जे सुचले व साधले, ते शांततेच्या काळी, सनदा व तिजोऱ्या हाती असता आम्हांस साधू नये, हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार?