मिठाच्या मैदानावरची ‘इंडियन’

बर्ट मन्रो यांचे नाव निघाले की आपल्याकडे एक गैरसमज हमखास होतो. ज्या मोटारसायकलीने त्यांना जगभर ओळख दिली तिचे नाव ‘इंडियन’ असले, तरी भारताशी तिचा काडीमात्र संबंध नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथील कारखान्यात ती तयार झाली आणि तिचा स्वार होता न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकावरच्या इन्व्हरकार्गिल गावचा. 1920 मध्ये, ऐन एकविशीत, मन्रो यांनी ही ‘इंडियन स्काउट’ नवी कोरी विकत घेतली. 600 सीसीचे इंजिन आणि ताशी जेमतेम 88 किलोमीटरचा कमाल वेग. पुढे आयुष्यभर त्यांनी हीच गाडी राखली. सत्तेचाळीस वर्षांनी विश्वविक्रम झाला तोही हिच्याच इंजिनाच्या जोरावर.

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म 25 मार्च 1899 रोजीचा, शेतकरी घरातला. नाव बर्ट हेच, पण इंग्रजी लिपीतील त्याचे वर्णलेखन एका अमेरिकी नियतकालिकाने चुकवले आणि त्यांनी ती चूकच पुढे कायम ठेवली. मोटारसायकली विकणे आणि दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. शर्यतींचा नाद तरुणपणीच लागलेला. 1926 च्या सुमारास त्यांनी स्काउटचे इंजिन उघडले. ते त्यानंतर खऱ्या अर्थाने कधी बंद झालेच नाही.

पैसा नव्हता, आणि पुढे तर सुटे भाग मिळण्याची सोयही उरली नाही. इंडियन कंपनीचा मूळ कारखाना 1953 मध्ये बंद पडला. त्यामुळे लागेल तो भाग स्वतः घडवायचा, हा नियमच होऊन बसला. पिस्टन ते जुन्या डब्यांच्या साच्यात ओतून घेत. सिलिंडरसाठी बिडाचे जुने नळ कामी आले. कनेक्टिंग रॉड त्यांनी ट्रॅक्टरच्या पोलादी आसातून हाताने कोरून काढले. कॅमला आकार दिला तो कानशीने घासून. मोजमापासाठी जुना आरा मायक्रोमीटरसारखा वापरला. हे वाचताना हौशी माणसाच्या खटपटीचे कौतुक वाटते. परंतु यंत्रज्ञानाच्या दृष्टीने ते काम किती खोल होते, हे सहसा सांगितले जात नाही.

मूळ स्काउटचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. अशा इंजिनात पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला आत जाताना वळसा घ्यावा लागतो. इंजिनाचा श्वास तिथेच अडतो. मन्रो यांनी व्हॉल्व्ह माथ्यावर नेले, मूळ दोन कॅमच्या जागी चार कॅमची रचना केली आणि तेलाभिसरणाची व्यवस्थाही आपली आपण बसवली. इंजिनाची क्षमता 600 वरून हळूहळू 950 सीसीपर्यंत वाढवत नेली. एवढी ताकद पेलण्यासाठी इंजिन कारखान्यात कधी बनलेच नव्हते, म्हणून ते वारंवार फुटे. पिस्टन वितळत, रॉड तुटत. हे मोडके भाग टाकून न देता ते एका फळीवर मांडून ठेवत आणि वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य म्हणून पाहुण्यांना दाखवत. थट्टेचा भाग सोडला तर ती फळी म्हणजे त्यांची वहीच होती. धातू कुठे तुटला, कुठे जळाला, हे समोर दिसत असल्याने पुढचा भाग कुठे जाड करायचा ते कळे.

या वेडाची किंमत घरानेही मोजली. मन्रो चार मुलांचे वडील होते. 1940 च्या दशकाच्या अखेरीस संसार मोडला, नोकरीही त्यांनी सोडली आणि ते एका गॅरेजमध्ये राहू लागले. झोपायची खाट तिथेच आणि लेथही तिथेच. ओरेटीच्या समुद्रकिनाऱ्यावर, ओहोटीनंतर घट्ट झालेल्या वाळूत, ते गाडीची परीक्षा घेत. 1957 मध्ये तिथे त्यांनी ताशी 211 किलोमीटरचा देशातील किनारा-विक्रम केला. त्याच सुमारास हृदयविकाराची लक्षणेही दिसू लागली होती.

युटा राज्यातील बॉनव्हिल हे वाळलेल्या मिठाचे सपाट मैदान वेगवेड्यांचे तीर्थस्थान मानले जाते. 1962 मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मन्रो आपली गाडी जहाजावर चढवून पॅसिफिक ओलांडून तिथे पोचले. माशासारख्या निमुळत्या कवचात बसवलेल्या त्या गाडीने ताशी 288 किलोमीटरचा विक्रम केला. नंतरही ते तिथे पुन्हा पुन्हा गेले. अँथनी हॉपकिन्स यांची भूमिका असलेल्या 2005 च्या चित्रपटात ह्या अनेक वाऱ्या एकाच प्रवासात गुंफल्या आहेत. नाट्य साधते, पण वर्षानुवर्षांची चिकाटी त्यात थोडी हरवते.

1967 साली मन्रो अडुसष्ट वर्षांचे होते. त्या वर्षी मिठावर धावताना निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर गाडी थरथरू लागली. वेग कमी करण्यासाठी त्यांनी कवचाबाहेर अंग वर काढले. वाऱ्याच्या झोताने गॉगल हिसकावला गेला आणि डोळ्यांपुढे काहीच दिसेनासे झाले. मार्गदर्शक काळी रेघ केव्हाच दूर राहिली होती. रोवलेला एक पोलादी खांब अवघ्या काही इंचांनी चुकला. अखेरीस त्यांनी गाडी आडवी घातली आणि किरकोळ खरचटण्यावर निभावले. आजच्या ट्रॅक-रायडिंगच्या कोणत्याही शाळेत हा प्रसंग धडा म्हणून शिकवता येईल, अनुकरणासाठी मात्र नव्हे.

त्याच वर्षी 1000 सीसीखालील गटात त्यांच्या नावावर ताशी सुमारे 295.5 किलोमीटरचा विक्रम लागला. पात्रताफेरीतील एका दिशेच्या धावेत तर त्यांनी ताशी 305 चा आकडा ओलांडला होता. परंतु विक्रमासाठी दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी धरतात.

प्रकृतीने साथ सोडली तेव्हा मन्रो यांनी आपल्या गाड्या इन्व्हरकार्गिलमधीलच एका हार्डवेअर व्यापारी कुटुंबाच्या स्वाधीन केल्या. 6 जानेवारी 1978 रोजी त्यांचे निधन झाले. त्या दुकानात खिळे-स्क्रू घ्यायला येणाऱ्यांना स्काउट आजही पाहता येते.

पुढे त्यांचे पुत्र जॉन यांना 1967 च्या सरासरीच्या हिशेबात चूक सापडली. अमेरिकन मोटारसायक्लिस्ट असोसिएशनने आकडे पुन्हा तपासले आणि 2014 मध्ये, स्वाराच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, विक्रम ताशी 296.26 किलोमीटर असा दुरुस्त करण्यात आला.