रूथबाई आणि सू-लिन

पांड्याचं खेळणं तुमच्यापैकी बहुतेकांकडे असेल. पण १९३६ पर्यंत अमेरिकेत जिवंत पांडा कोणी पाहिलेलाच नव्हता! म्युझियममध्ये होते ते शिकार करून पेंढा भरलेले. पहिला जिवंत पांडा इथे आणला रूथ हार्कनेस यांनी.

रूथबाईंचा जन्म १९०० सालचा, पेनसिल्व्हेनियातला. न्यूयॉर्कमध्ये त्या कपड्यांचं डिझायनिंग करत. जंगलाशी काडीचा संबंध नाही. त्यांचे पती विल्यम पांडा आणायला चीनला गेले होते, ते १९३६ च्या फेब्रुवारीत शांघायला कॅन्सरने वारले. रूथबाईंनी ठरवलं, अपुरं राहिलेलं काम आपण करायचं.

क्वेंटिन यंग हा चिनी-अमेरिकन तरुण त्यांना वाटाड्या म्हणून मिळाला. बोटीने यांगत्से नदीतून आणि पुढे डोंगर चढत ते सिचुआनच्या बांबूच्या रानात पोचले. ९ नोव्हेंबरला झाडाच्या ढोलीत एक पिल्लू सापडलं. वजन दीड किलोसुद्धा नव्हतं. बाईंनी सामानात दुधाची बाटली आणि पावडरचं दूध घेतलं होतं, म्हणून ते जगलं. नाव ठेवलं सू-लिन. शांघाय सोडताना कागदपत्रांत मात्र त्याची नोंद झाली ‘कुत्रा’ म्हणून!

पांड्याचं पिल्लू जन्मतः जेमतेम १०० ग्रॅमचं असतं, म्हणजे फ्रिजमधल्या बटरच्या एका स्टिकपेक्षाही हलकं. डोळे मिटलेले, अंगावर विरळ केस. आई त्याला कितीतरी दिवस छातीशी धरून बसते, जेवायलाही उठत नाही. तशा आईपासून सू-लिनला तोडून आणलं होतं. ही गोष्ट सांगताना एवढं वाक्य गाळू नये असं मला वाटतं.

शिकागोच्या ब्रुकफील्ड झूमध्ये सू-लिनला बघायला झुंबड उडाली. पण १ एप्रिल १९३८ ला ते पिल्लू दगावलं. सगळे त्याला मादी समजत होते, मेल्यावर कळलं की तो नर होता. पांड्यांबद्दल माणसाला तेव्हा इतकंच ठाऊक होतं.

दरम्यान रूथबाईंनी मेई-मेई नावाचा दुसरा पांडा आणला होता. त्यांचं बघून इतरांनीही पांडे पकडायचा सपाटा लावला, त्यातले कित्येक वाटेतच मेले. १९३८ मध्ये तिसऱ्या खेपेला बाईंना सू-सेन मिळाली. पण या वेळी त्यांनी तिला परत डोंगरात नेलं आणि सोडून दिलं.

१९४७ मध्ये पिट्सबर्गला रूथबाई एकट्याच असताना वारल्या. चीनने वोलाँगचं अभयारण्य राखलं ते १९६३ साली. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत रानातले पांडे १,८६४ भरले.

सू-लिन शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेला आहे.