मंडालेचा राजा, रत्नागिरीचा कैदी : थिबा राजाची कहाणी

रत्नागिरी : थिबा पॅलेस आपल्यापैकी बहुतेकांनी बघितलाय, शाळेच्या सहलीत, नाहीतर पाहुण्यांना फिरवताना. पण हा राजा ब्रह्मदेशातला भलामोठा किल्ला सोडून इथे कसा आला?

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ चा. त्याच सुमारास त्याचे वडील मिंडॉन राजा मंडालेत नवी राजधानी वसवत होते. चौकोनी किल्ला, प्रत्येक बाजू साधारण दोन किलोमीटर, बारा दरवाजे, भोवती पाण्याचा रुंद खंदक आणि आत सागवानी राजवाडा. १८७८ मध्ये थिबा गादीवर आला. गादीला वाटेकरी नको म्हणून राजघराण्यातल्या अनेकांना मारलं गेलं. तो डाग त्याच्या नावाला कायमचा लागला.

पुढे वाद पेटला सागवानावरून. लाकडाचे पैसे बुडवले म्हणून दरबाराने एका इंग्रज कंपनीला जबर दंड केला. तेच निमित्त करून इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये चढाई केली. एवढा तट, एवढा खंदक. पण किल्ला लढलाच नाही. राजा शरण गेला. २९ नोव्हेंबरला राजा आणि राणी सुपयालत यांना बैलगाडीतून नदीवर नेऊन बोटीत बसवलं. किल्ल्यात इंग्रजांची छावणी पडली, नाव दिलं फोर्ट डफरिन.

आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तेव्हा इथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटीही बंद. राजाला सगळ्यांपासून लांब ठेवायला जागा सोयीची होती. आज आपण बघतो तो राजवाडा त्याला मिळाला १९१० मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी.

त्याच वेळी रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, १९०८ ते १९१४. तो तुरुंग थिबाच्याच किल्ल्याच्या तटाआड होता. 'गीतारहस्य' तिथेच लिहून झालं.

टिळक सुटून घरी आले. थिबा मात्र डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. राणी १९१९ मध्ये मायदेशी गेली, राजा इथेच राहिला. मंडालेचा सागवानी राजवाडा १९४५ मध्ये युद्धात जळाला. तट आणि खंदक अजून आहेत.

राजाची समाधी रत्नागिरीच्या शिवाजीनगर भागात आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. पॅलेस बघायला जाल, तेव्हा समाधीवरही दोन मिनिटं थांबा.