बारकडे न जाता त्याने फोन उचलला, आणि जगभर दारूमुक्तीच्या मीटिंग सुरू झाल्या

एखाद्या शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल किंवा दवाखान्याची खोली. गोल मांडलेल्या खुर्च्या, चहा, आणि एकेक करून आपली गोष्ट सांगणारी माणसं. फी नाही, आडनाव नाही. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजेच 'एए'च्या अशा मीटिंग आज सुमारे १८० देशांत होतात. मुंबई-पुण्यातही होतात.

याची सुरुवात करणारा माणूस ना डॉक्टर होता, ना समाजसेवक. दारूपायी सगळं घालवून बसलेला तो शेअर बाजारातला माणूस होता. त्याचं नाव बिल विल्सन.

बिलचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ईस्ट डॉर्सेट गावचा. तो लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. त्याला आजी-आजोबांनी वाढवलं. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात अधिकारी झाला आणि एका पार्टीत दारू हातात आली. मुळात बुजरा पोरगा. दोन पेग पोटात गेले की चारचौघांत मोकळा व्हायचा. गाडी तिथेच घसरली.

१९१८ मध्ये लोईसशी लग्न झालं. पुढे वॉल स्ट्रीटवर कंपन्यांचा अभ्यास करून त्याने बक्कळ पैसा कमावला. १९२९ ला बाजार कोसळला आणि पैसा गेला, दारू मात्र राहिली. घर लोईसच्या पगारावर चालायचं. सोडतो म्हणून शपथा घ्यायच्या आणि मोडायच्या, हे वर्षानुवर्षं चाललं.

न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये तो चार वेळा भरती झाला. तिथल्या डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला एक वेगळी गोष्ट समजावली. दारूचं व्यसन हा नुसता मनाचा कमकुवतपणा नाही, तो आजार आहे. त्याच सुमारास एबी थॅचर हा जुना पिणारा मित्र शुद्धीत, दारू सोडून भेटायला आला. त्याला पाहून बिल हादरला. डिसेंबर १९३४ मध्ये बिलने शेवटचा पेग घेतला.

मग तो दुसऱ्यांची दारू सोडवायला निघाला. पाच-सहा महिने उपदेश केला. एकही जण सुधारला नाही. डॉ. सिल्कवर्थ यांनी कान टोचले, प्रवचन बंद कर आणि आधी आजाराबद्दल बोल. पण या खटपटीत एक गोष्ट घडली होती. बिल स्वतः प्यायला नव्हता.

मे १९३५ मध्ये तो एका व्यवहारासाठी ओहायोतल्या ॲक्रन शहरात गेला. व्यवहार फिसकटला. खिशात जेमतेम पैसे. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बारमधला गलका आणि दुसऱ्या बाजूला फोन. आपल्याला आत्ता दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याची गरज आहे, हे त्याला उमगलं. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला घेतले.

त्यातून १२ मे रोजी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. तेही पक्के दारुडे. पंधरा मिनिटंच थांबीन या बोलीवर आलेले डॉक्टर काही तास बसले. बिलने उपदेश केलाच नाही, फक्त स्वतःची कहाणी सांगितली. जूनमध्ये डॉ. बॉब पुन्हा एकदा घसरले, पण १० जून १९३५ नंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. तोच दिवस एएचा स्थापना दिवस मानतात. मग दोघं मिळून दवाखान्यात तिसरा माणूस शोधायला गेले.

१९३९ मध्ये बारा पायऱ्या सांगणारं पुस्तक आलं. १९४१ मध्ये 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये लेख छापून आला आणि सुमारे २ हजारांची सदस्यसंख्या वर्षभरात ८ हजारांवर गेली.

बिल संत नव्हता. त्याला अनेक वर्षं नैराश्याने छळलं. सिगारेट सुटली नाही आणि त्यातून फुप्फुसांचा आजार जडला. पण संस्था एका माणसाभोवती फिरू नये याची त्याने काळजी घेतली. येल विद्यापीठाची मानद पदवी नाकारली. १९५५ मध्ये कारभार सदस्यांच्या हाती दिला. २४ जानेवारी १९७१ ला, लग्नाच्या वाढदिवशीच, तो गेला. मीटिंग थांबल्या नाहीत.

मीटिंगला जायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. 'ओपन' मीटिंगला कुणीही बसू शकतं, 'क्लोज्ड' मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं. एखादा ग्रुप नाही रुचला तर दुसरा बघायचा. जवळची मीटिंग एएच्या वेबसाइटवर किंवा हेल्पलाइनवर कळते. घरच्यांसाठी लोईसने १९५१ मध्ये उभी केलेली 'अल-ॲनॉन' आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जीवावरही बेतू शकतं. त्यामुळे आधी डॉक्टरांना दाखवा. मीटिंग हा त्या उपचाराला पर्याय नाही. पण दवाखान्यातून घरी आल्यावर संध्याकाळी पाय पुन्हा गुत्त्याकडे वळू लागतात, तेव्हा जायला दुसरी एक जागा असते.