शोनबाइन आणि न दिसणारे कवच

बालमित्रांनो, मेत्सिंगनला तुम्ही आईबाबांबरोबर कपड्यांच्या खरेदीला गेला असाल. त्याच गावात १८ ऑक्टोबर १७९९ रोजी ख्रिस्तियान फ्रीडरिश शोनबाइन यांचा जन्म झाला. वडील रंगारी होते. तेरा-चौदा वर्षांचे असतानाच शोनबाइन बोब्लिंगनच्या रसायनांच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. काम करता करता ते रसायनशास्त्र शिकले. पुढे काही काळ त्यांनी इंग्लंडमध्ये शिकवले आणि १८२८ पासून ते स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठात होते.

१८३६ साली त्यांनी लोखंडावर प्रयोग केले. पातळ नायट्रिक आम्लात लोखंड फसफसून विरघळते. पण तेच आधी तीव्र आम्लात बुडवले, तर नंतर पातळ आम्लातही ते शांत राहते! हे कोडे त्यांनी लंडनला मायकेल फॅरडे यांना पत्राने कळवले. फॅरडे यांना जर्मन येत नव्हते, म्हणून शोनबाइन इंग्रजीत लिहीत. लोखंडावर ऑक्साइडचा न दिसणारा पातळ थर बसत असावा, असे फॅरडे यांचे मत होते. शोनबाइन यांना ते पटले नाही. मतभेद राहिला, पण मैत्री वर्षानुवर्षे टिकली. पुढे फॅरडेच बरोबर ठरले.

असाच थर आपल्या स्टीलच्या डब्यावर असतो. पोलादात क्रोमियम घातले की हवेतल्या प्राणवायूमुळे त्यावर मिलिमीटरच्या दोन-तीन दशलक्षांश भागाइतके जाड कवच तयार होते. ओरखडा उठला तरी ते पुन्हा भरून येते. एसेनच्या क्रुप कंपनीने १९१२ मध्ये अशा पोलादाचे पेटंट घेतले.

या कवचाचा एक शत्रू म्हणजे गंधक. पोलादात गंधकाच्या संयुगाचे कण राहिले, तर त्या जागी कवच कच्चे राहते आणि मिठाच्या पाण्यात तिथूनच खड्डे पडू लागतात. चांदीला तर असे कवचच नसते. म्हणून हवेतल्या गंधकाच्या वायूने देवघरातले निरांजन काळे पडते.

शोनबाइन यांनी ओझोन शोधला आणि १८४६ मध्ये स्फोटक कापूसही जगापुढे आणला. २९ ऑगस्ट १८६८ रोजी बाडेन-बाडेनजवळ त्यांचे निधन झाले.

आता एक गृहपाठ. उकडलेल्या अंड्याच्या बलकात एक चांदीचा आणि एक स्टीलचा चमचा तासभर ठेवा. कोणता काळा पडला आणि का, ते पुढच्या शनिवारी वर्गात मराठीतून सांगा. शोनबाइन मित्रासाठी परक्या भाषेत लिहीत होते. आपल्याला तर आजीच्या भाषेत बोलायचे आहे!