विधवेच्या नावाने उभे राहिलेले घराणे : मादाम क्लिको

फ्रेंच भाषेत 'व्हव' म्हणजे विधवा. शॅम्पेनच्या एका सुप्रसिद्ध घराण्याच्या नावात हा शब्द दोनशेहून अधिक वर्षे अग्रभागी विराजमान आहे. जो शब्द आपल्या समाजाने अनेक पिढ्या हलक्या आवाजात उच्चारला, तो एका स्त्रीने आपल्या पेढीच्या पाटीवर का लिहिला असेल, हा प्रश्न आम्हांला त्यांच्या चरित्राकडे घेऊन गेला.

बार्ब-निकोल पाँसार्दँ यांचा जन्म १६ डिसेंबर १७७७ रोजी रँस येथे झाला. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक जेथील कॅथेड्रलमध्ये होत, तीच ही नगरी. वडील कापडाचे मोठे कारखानदार होते. क्रांतीचा वणवा पेटताच त्यांनी वाऱ्याची दिशा ओळखली व क्रांतिकारकांशी जमवून घेतले. पुढे नेपोलियनच्या राजवटीत ते नगरीचे महापौरही झाले. ख्रिस्तसभेवर संकटे कोसळलेला तो काळ. १७९८ साली बार्ब-निकोल यांचा फ्रांस्वा क्लिको यांच्याशी झालेला विवाह कॅथलिक विधीनुसार एका तळघरात गुपचूप लावण्यात आला, असे सांगतात.

क्लिको कुटुंबाचा मुख्य व्यवसाय कापडाचा. १७७२ साली सासरे फिलिप यांनी स्वतःच्या मळ्यांतील द्राक्षांच्या आधारे मद्याचा छोटा जोडधंदा सुरू केला होता. तो वाढवावा ही फ्रांस्वा यांची इच्छा. परंतु ऑक्टोबर १८०५ मध्ये अल्पशा तापाचे निमित्त होऊन ते निवर्तले. बार्ब-निकोल तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या, कन्या क्लेमांतीन सहा वर्षांची. पुत्रशोकाने खचलेल्या सासऱ्यांनी मद्याचा व्यापार बंद करण्याचे ठरवले.

येथे त्या काळचा कायदा ध्यानात घ्यावा लागतो. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेनुसार विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून करार करता येत नसे. अविवाहित कन्या घरच्यांच्या छत्राखाली असे. विधवा मात्र स्वतःच्या नावे व्यवहार करू शकत होती. ज्या दुःखाने घर उद्ध्वस्त केले, त्याच दुःखाने स्वाक्षरीचा अधिकार दिला! बार्ब-निकोल यांनी पुनर्विवाह कधीच केला नाही.

सुनेचा हट्ट सासऱ्यांनी मान्य केला, पण अनुभवी भागीदारासोबत चार वर्षे काम शिकण्याच्या अटीवर. युद्धांमुळे बंदरे बंद, गिऱ्हाइके दुरावलेली, माल पडून. मुदत संपताच भागीदार बाजूला झाला आणि १८१० साली त्यांनी एकटीने पेढी चालवण्यास घेतली. 'व्हव क्लिको-पाँसार्दँ' हे नाव तेव्हापासूनचे.

१८११ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि त्याच वर्षी द्राक्षांचे पीक अप्रतिम आले. १८१४ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाला. प्रतिस्पर्धी व्यापारबंदी उठण्याची वाट पाहत असताना मादामनी विश्वासू विक्रेता लुई बोन यास १०,५५० बाटल्यांसह जहाजाने बाल्टिक समुद्राकडे धाडले. माल पकडला गेला असता तर दिवाळे ठरलेलेच होते. हे धाडस की जुगार, यावर आमच्यात एकमत होत नाही. कनिग्जबर्ग बंदरात बाटल्या चढ्या भावाने खपल्या आणि रशियात क्लिको हे नाव घरोघरी गेले.

मागणी वाढली तशी जुनी अडचण बोचू लागली. शॅम्पेनचे बुडबुडे बाटलीतच होणाऱ्या दुसऱ्या किण्वनातून येतात. पण त्यातून यीस्टचा गाळही साचतो आणि मद्य गढूळ दिसते. ते दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यावे, तर बुडबुडे उडून जात. १८१६ च्या सुमारास मादामच्या तळघरात टेबलाला भोके पाडून बाटल्या तोंड खाली करून ठेवण्यात येऊ लागल्या. रोज प्रत्येक बाटली किंचित फिरवायची. काही आठवड्यांत सारा गाळ बुचापाशी उतरतो. मग बूच काढताच आतील दाबाने तो बाहेर फेकला जातो. तळघर-प्रमुख म्युलर यांचा या कामी मोठा वाटा होता. सर्व श्रेय मादामच्या पदरात घालणाऱ्या कथा आम्हांला एकतर्फी वाटतात. पारंपरिक पद्धतीचे फेसाळ मद्य करणारी छोटी कुटुंबे आजही हीच क्रिया हाताने करताना आढळतात. आपल्या नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांपासूनही याच पद्धतीने मद्य बनते.

एक गोष्ट मात्र आम्हांला खटकते. स्वतः इतक्या झगडून मिळवलेले स्वातंत्र्य मादामनी कन्येच्या हाती दिले नाही. क्लेमांतीनचा विवाह १८१७ साली खर्चिक वृत्तीच्या एका काउंटशी लावून दिला. पेढी सोपवली ती एदुआर वेर्ले या कर्मचाऱ्यास, ज्याने १८२८ च्या बँक-संकटात ती वाचवली होती. व्यापारी दृष्टीने निवड अचूक ठरली. आईच्या दृष्टीने काय ठरली, ते क्लेमांतीनच जाणे.

२९ जुलै १८६६ रोजी बूर्सो येथील आपल्या वाड्यात, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या असताना, मादाम क्लिको यांचे देहावसान झाले. २०१० साली बाल्टिक समुद्रात ओलांड बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. त्यांतील काही क्लिको घराण्याच्या निघाल्या. त्या ओळखता आल्या बुचावर उमटवलेल्या धूमकेतूच्या ठशावरून.